नमुन्यात माणूस नाही

बुधवारी दुपारी कारखान्याच्या ओट्यावर सगळ्यांनी मिळून पोनिदीला भंडावून सोडलं होतं. कोळंबीच्या पिठाच्या वाफवलेल्या लांबट लाट्या कापून झाल्या होत्या आणि पापडाच्या चकत्या बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात मांडायचं काम चाललं होतं. हात गुंतलेले असले की तोंडं मोकळी सुटतात.

"पाक पोनिदी, वहिनींचं विमान म्हणे नेमकं गुरुवारीच उतरतंय! मुहूर्त कुणी काढला?" सुरातमिनने विचारलं. जावात बाप्याला मानाने 'पाक' म्हणतात, बाईला 'बू'.

"तिकीट त्या दिवसाचं स्वस्त होतं," पोनिदी म्हणाला.

"ऐका! तिकीट स्वस्त होतं म्हणे! अहो, तीन वर्षांनी बायको येतेय, तीही गुरुवारी, चार वाजता. घरी पोचायचं, अंघोळ, जेवण... बरोब्बर बसतंय गणित."

तट्ट्यांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हशा पसरला. गुरुवारचा सूर्य मावळला की शुक्रवार लागतो, आणि ती रात्र नवराबायकोची, तिच्यात पुण्य आहे, असं त्यांच्या सिदोआर्जो गावात लहानथोर सगळे मानतात. त्या संध्याकाळी जामूचे काढे विकणाऱ्या बाईच्या सायकलीभोवती बापेमाणसं उगाच घोटाळतात आणि अंडं-मध घातलेला पेला हळूच मागून घेतात.

"जामूवालीला मी सांगून ठेवलंय," म्हातारा कासान म्हणाला. "पोनिदीच्या पेल्यात दोन अंडी फोड म्हणून."

"इंग्गिह, म्बाह," पोनिदी आजोबांना म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

'इंग्गिह' हा शब्द पोनिदीच्या जिभेवर पाण्यासारखा होता. जावातल्या घरंदाज आईने पोराला चालायला शिकवण्याआधी तो शिकवलेला असतो. इंग्गिह म्हणजे हो. पण नुसतं हो नव्हे. ऐकलं, तुमचा मान ठेवला, तुम्ही म्हणाल तसं, असं सगळं त्यात येतं. थोरामोठ्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणणं पोनिदीला आयुष्याच्या त्रेचाळीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं, आणि ते जमत नाही याची त्याला खंतही नव्हती. माणसं त्याला गुणी म्हणत.

फोन वाजला तो तेव्हाच. ट्रकवाल्या जुमारीचा. पोनिदी हात पुसत पाण्याच्या टाकीमागे गेला.

"दी, एकटा आहेस का?"

"इंग्गिह, पाक."

"ऐक मग. मला लघवीला जळजळ सुरू झाली होती. डॉक्टरने तपासलं. म्हणाला, बरोबर कोण होतं त्यालाही सांगा. तर सांगतोय."

"मला तर काहीच होत नाही, पाक."

"न होणाऱ्यालाही असतं म्हणे. दोन जातीचे जंतू असतात. एक बोंबलणारा, एक मुका. माझ्याकडे दोघंही बिऱ्हाड करून बसलेत." जुमारी हसला, पण त्या हसण्याला कुणाची साथ मिळाली नाही तेव्हा घसा खाकरून म्हणाला, "वहिनी कधी येतायत?"

"उद्या."

पलीकडे बराच वेळ नुसती ट्रकची घरघर ऐकू आली.

"मग उद्या सकाळीच जा. बंदराजवळच्या आरोग्य केंद्रात क्षयाची थुंकी तपासायचं यंत्र आहे ना, त्यातच आता हेही तपासतात. दीड तासात सांगतं. उशीर करू नकोस, दी."

तीन आठवड्यांपूर्वी बान्युवांगीला पापडाची खोकी पोचवायला दोघं गेले होते. बोटीच्या रांगेत गाडी अडकली, मुक्काम पडला, आणि जुमारी म्हणाला, "चल रे." पोनिदी म्हणाला, "इंग्गिह." त्यानंतरचं त्याने आजवर मनातसुद्धा शब्दांत मांडलं नव्हतं. त्या बाईच्या खोलीत भिंतीवर एका विमान कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं एवढंच त्याला आठवत होतं. तो त्याच्याकडेच बघत राहिला होता.

बुधवारी संध्याकाळी तो घरी गेला. घर त्याच्या बायकोच्या, मुंतियाच्या पैशाचं. ती तैवानमध्ये एका म्हातारीची शुश्रूषा करायची, आणि तिच्या पाठवलेल्या पैशातून इथे एक-एक खोली उभी राहिली होती: पांढऱ्या फरश्या, निळी दारं, बाहेर दोन खांब. पोनिदी मात्र मागच्या चुलीजवळच्या खोलीत चटईवर झोपे. पुढच्या खोल्यांत दिवा लावायचा तर कुणासाठी? ती नवऱ्याला 'मास' म्हणे; दर रविवारी फोनवर विचारायची, "मास, जेवलात?" तो म्हणायचा, "जेवलो." कधी जेवलेला असे, कधी नसे. दोघांना मूल नव्हतं. पोनिदीने कोरडा भात आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या तेंपेच्या दोन फोडी खाल्ल्या आणि झोप येण्याची वाट बघत पडून राहिला.

सकाळी त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ अंघोळ केली. मुंतियासाठी इस्त्री केलेला सदरा घातला. कारखान्यातली छोटी टेंपोगाडी तिला आणायला मागून घेतली होती, ती घेऊनच तो केंद्रावर पोचला.

प्रयोगशाळेत होस्निया नावाची बाई होती. मूळची मदुरा बेटावरची, पन्नाशी उलटलेली, डोईवर पांढरा रुमाल घट्ट बांधलेला. सोमवार-गुरुवारचा उपास ती बारा महिने धरायची; तिचे ओठ सकाळीच सुकल्यासारखे दिसत होते, पण काम करताना तिचा हात कुठे अडत नव्हता. तिने झाकणाचा छोटा पेला पोनिदीपुढे ठेवला.

"गेल्या दोन तासांत लघवीला गेला नाहीत ना?"

"इंग्गिह, बू."

"पहिली धार हवी. मधली नको, शेवटची नको. आधी धुवायचं नाही. कळलं?"

"इंग्गिह."

"या रेषेपर्यंत."

"इंग्गिह, बू."

परक्या बाईच्या तोंडून असे शब्द त्याने कधी ऐकले नव्हते. कानशिलं इतकी तापली की त्यांतले निम्मे शब्द आत गेलेच नाहीत. तो पेला रुमालात गुंडाळून न्हाणीघराकडे गेला. तिथे हौद होता, पाणी घ्यायचा प्लास्टिकचा डबा होता. आणि पोनिदीने जे केलं ते तिथल्या कुठल्याही पापभीरू माणसाने केलं असतं. त्याने आधी डबाभर पाण्याने स्वतःला स्वच्छ केलं. पहिली धार घाण असते, ती सोडून दिली. उपासाच्या बाईच्या हातात घाण कशी द्यायची? नंतरची पेल्यात धरली. ती रेषेपर्यंत पोचेना. सांगितलेली रेष चुकवणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. तेव्हा त्याने हौदातलं थोडं पाणी वर घातलं, पेला बाहेरून धुतला, पुसला, आणि दोन्ही हातांनी नेऊन दिला.

"वा, किती स्वच्छ!" होस्निया उजेडाकडे धरून म्हणाली, आणि क्षणभर तिच्या कपाळाला आठी पडली. पण रांगेत आणखी चार जण होते. तिने तो नमुना यंत्राच्या डबीत भरला आणि खटका लावला.

पोनिदी बाहेर बाकावर बसला. शेजारी एका मासेमारी बोटीवरचा आचारी होता. त्याने दोनदा आपणहून विषय काढला, कांद्याचा भाव, मग वारा. दोन्हींना पोनिदीने मान हलवली. तिसऱ्यांदा आचारीही गप्प झाला. इथे सगळे एकमेकांच्या चपलांकडे बघत बसलेले होते. प्रत्येकाच्या हातात नंबराची चिठ्ठी, नाव कुणालाच नाही.

फोनवर मुंतियाचा आवाज येऊन पडला होता. त्याने तो कानाशी धरून ऐकला.

"मास, मी विमानतळावर आले. दोन मोठ्या बॅगा झाल्यात, एक छोटी. ऐका ना... आजीच्या मुलीने विचारलं, परत कधी येतेस. मी सांगितलं, येत नाही. इथली एक नर्स आहे, ती म्हणते अडतिसावं म्हणजे काही म्हातारपण नाही. या वेळी आपण दोघं जाऊ डॉक्टरांकडे. लाजू नका हं. बरं, ठेवते, रांग सरकली."

त्याने तो निरोप पुन्हा ऐकला. मग फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

पावणेदहाला होस्नियाने त्याचा नंबर पुकारला. आत बोलावून दार लोटलं आणि हातातल्या कागदाकडे बघत म्हणाली, "साह नाही."

 साह म्हणजे ग्राह्य, खरं ठरलेलं; हा शब्द पोनिदीने दोनच ठिकाणी ऐकला होता. लहानपणी नमाजाआधी हातपाय धुताना मशिदीतले गुरुजी कोरडं राहिलेलं कोपर दाखवून म्हणायचे, तुझी वजू साह नाही, नमाज साह नाही, पुन्हा कर. आणि लग्नात. त्याने एका दमात कबूल म्हटलं होतं, काजींनी साक्षीदारांकडे वळून विचारलं होतं, "साह?" आणि दोन्हीकडची माणसं आनंदाने ओरडली होती, "साह!" त्या ओरडण्याने मुंतिया त्याची बायको झाली होती. आता यंत्राने उलटं सांगितलं होतं.

"इंग्गिह, बू," तो कसाबसा म्हणाला. "मग... निकाह पुन्हा लावावा लागेल का? तिला त्याआधी घरी नेता येईल, की बहिणीकडे सोडू?"

होस्निया त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या ध्यानात आलं, आणि हसू आवरायला तिने तोंडावर हात दाबला.

"अहो पाक! निकाह कुठे काढलात? नमुना हो, नमुना! तुम्ही दिलेला नमुना साह नाही! निकाहाचं बघायला माझ्याकडे यंत्र असतं तर बाहेर ही रांग गावाच्या वेशीपर्यंत गेली असती." मग ती गंभीर झाली. "बसा. हे यंत्र जंतू शोधतं तसं आणखी एक बघतं. यात माणूस आहे का. माणसाच्या अंगाच्या पेशी लघवीतून येतात, त्या त्याला सापडाव्या लागतात. सापडल्या, आणि जंतू नसले, तर आपण म्हणतो माणूस निरोगी. तुमच्या पेल्यात त्याला जंतू सापडले नाहीत. पण माणूसही सापडला नाही."

 यंत्राने चूक केली असं पोनिदीला वाटलंच नाही. तीन वर्षं पुढच्या खोल्यांत दिवा नाही, ताटात दुसरा हात नाही, कारखान्यात हसायचं तेव्हा हसायचं, रविवारी जेवलो म्हणायचं. बाहेरच्या कुणी येऊन पाहिलं असतं तर या घरात माणूस राहतो म्हणून त्याने तरी शपथेवर सांगितलं असतं का?

"आता खरं सांगा," होस्निया म्हणाली. "आधी जाऊन आला होतात?"

"इंग्..."

"इंग्गिह नको! मदुरात हो असलं की हो म्हणतात, नाही असलं की नाही. तीस वर्षं झाली मला इथे येऊन, तुमच्या इंग्गिहचा तळ काही लागला नाही. धुतलंत?"

"धुतलं."

"पहिली धार?"

"सोडली. घाण कशी द्यायची हो तुमच्या हातात? आणि रेषेपर्यंत भरेना म्हणून..."

"म्हणून काय?"

"हौदातलं पाणी."

होस्नियाने डोळे मिटून अल्लाहची क्षमा मागितली, त्याच्यासाठी की आपल्या रागासाठी हे कळलं नाही. "पाक, इथे मला घाणच हवी असते. स्वच्छ होऊन जायला मशीद आहे." तिने कपाट उघडून आतली एकुलती डबी दाखवली. "ही शेवटची. पुढच्या सोमवारी येतील. तुम्हाला सोमवारी चालेल?"

तिने विचारलं तेव्हा 'इंग्गिह' म्हणणं किती सोपं होतं! सोमवारपर्यंत कोण बघतंय. पोनिदीने जुमारीचं बोंबलणाऱ्या आणि मुक्या जंतूंचं बोलणं तिला सांगितलं, मग हातातला फोन पुढे धरून मुंतियाचा निरोप ऐकवला. शेवटपर्यंत. होस्निया भिंतीकडे बघत ऐकत होती.

"पहिल्यापासून सांगते," ती आवाज उतरवून म्हणाली. "तुमच्या मित्राने मुका म्हटलं ना, तो पुरुषाच्या अंगात गप बसतो. बाईच्या अंगात गेला की गर्भाच्या वाटेत गप बसतो, आणि वाट बुजवून टाकतो. तिला कळतसुद्धा नाही. ती नर्सला विचारत बसेल, अडतीस म्हणजे उशीर झाला का. उशीर झाला नसेल, पाक. कारण तुम्ही झाला असाल."

"नाही चालणार," पोनिदी म्हणाला. "सोमवारी नाही चालणार."

"मग बसा बाहेर. बारा वाजेपर्यंत न्हाणीघराकडे फिरकायचं नाही. पाणीही बेताने प्या. बारा वाजता माझ्याकडे घाणेरडे असाल तसे या."

तो पुन्हा बाकावर येऊन बसला. आचारी आपला कागद घेऊन निघाला होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. दहाचे अकरा झाले. ओटीपोटात भार जाणवू लागला. इतकी साधी गोष्ट, पण स्वतःच्या अंगाकडे असं लक्ष देऊन तो कित्येक वर्षांत बसला नव्हता.

साडेअकराच्या पुढे आवारातल्या छोट्या नमाजघरातून बांग झाली. माणसं उठली, नळाशी बाह्या वर करून रांगेत उभी राहिली. पाण्याचा आवाज ऐकून पोनिदीला आणखीच कळ आली. दारावरचा पहारेकरी, दाढी पिकलेला प्रेमळ गृहस्थ, त्याच्यासमोर थांबला.

"चला पाक, जमात उभी राहतेय. जागा आहे पुढच्या ओळीत."

पोनिदीची मान सवयीने झुकू लागली. वजूआधी न्हाणीघर आलं, धुणं आलं, आणि शेवटची डबीही पाण्यात गेली. वेळ अजून तीन तास होती; नमाज नंतरही पढता आली असती. पण एवढं सगळं त्या भल्या माणसाला कसं सांगायचं?

"नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आत्ता नाही. मी... मी स्वच्छ नाही."

पहारेकऱ्याने त्याच्याकडे, मग त्याच्या मागच्या प्रयोगशाळेच्या पाटीकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला, आणि खांद्यावर हात टाकता टाकता मागे घेऊन निघून गेला. आवार रिकामं झालं. आतून नमाजानंतरच्या दुआला सगळ्यांचा एकत्र 'आमीन' आला. पोनिदी बाहेर एकटा बाकावर, गुडघे जवळ घेऊन बसलेला. 'नाही' म्हटलं की एवढी शांतता होते हे त्याला ठाऊक नव्हतं.

बाराला तो आत गेला. पेला परत आणला तेव्हा रेषेच्या बोटभर खाली होता, गढूळ होता, आणि त्याने तो धुतला नव्हता. 

"याला म्हणतात नमुना," होस्निया म्हणाली.

पावणेदोनला तिने बोलावलं. या वेळी दार लोटून ती खुर्चीवर बसली, त्यालाही बसवलं.

"साह आहे," ती म्हणाली. "या वेळी माणूस सापडला. आणि त्याच्याबरोबर तोही. बोंबलणारा नाही, फक्त मुका."

पोनिदीने मान हलवली. कालपासून छातीत जे लटकत होतं ते एकदम खाली बसलं. वाईट होतं, पण त्याला तळ होता.

"पलीकडून डॉक्टर गोळ्या देतील. सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर, भरपूर पाण्याबरोबर. गिळून लगेच आडवं व्हायचं नाही. आणि सात दिवस बायकोपासून दूर. औषध घेतलंत की हा जातो, नक्की जातो." ती थांबली. "दूर राहायचं कारण काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. पाठ धरली म्हणा, ताप आला म्हणा. पुष्कळ जण म्हणतात. इथल्या वहीत तेवढं लिहायला रकाना नाही."

"तुम्ही काय सांगितलं असतं, बू?"

 "माझे यजमान बोटीवर असायचे," होस्निया एवढंच म्हणाली. मग उठून पुढचा नंबर पुकारला.

विमान वीस मिनिटं उशिरा उतरलं. कठड्यापाशी उभ्या असलेल्या गर्दीत पोनिदीने मुंतियाला आधी ओळखलंच नाही. तिने केस मानेपर्यंत कापले होते, पायांत पांढरे बूट होते. तिने मात्र त्याला लांबूनच हात केला. जवळ येऊन त्याचा हात कपाळाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"किती वाळलात, मास! मी नसताना स्वतःलाही तट्ट्यावर वाळत घालत होतात की काय?"

"गाडी तिकडे आहे," तो म्हणाला.

"कारखान्याची आणलीत? बाई बाई! तीन वर्षांनी आले तर कोळंबीच्या वासात मिरवणूक!" ती हसत होती. दोन मोठ्या बॅगा त्याने मागे चढवल्या, ताडपत्री टाकली. छोटी तिने मांडीवर घेतली. "आधी लोंतोंग कुपांग खाऊ. विमानात काय ते दिलं, चव ना चोथा. आणि घरी कोण कोण येऊन बसलंय? सगळी गल्ली असेल."

पोनिदीने किल्ली लावली, पण फिरवली नाही. घरी पोचलं की शेजारणी येणार, सुरातमिन येणार, दोन अंड्यांचा विनोद पुन्हा होणार, आणि मग ताप आला म्हणणं हेच एक दार उघडं राहणार. तो समोरच्या काचेकडे बघत होता.

"मुंतिया, बान्युवांगीला मी एका बाईकडे गेलो होतो. पैसे देऊन. एकदा."

 शेजारच्या गाडीत कुणीतरी बॅगा चढवत होतं, त्यांचं पोर रडत होतं.

"कुणी नेलं?" तिने विचारलं. "तो जुमारी बरोबर होता ना?"

तिनेच दार किलकिलं करून दिलं होतं. त्यातून निसटता आलं असतं.

"होता. पण गेलो मी." त्याने खिशातून कागद काढून तिच्या मांडीवरच्या बॅगेवर ठेवला. "तिथून एक रोग लागला. मला त्रास होत नाही. तुला झाला असता. आज सकाळी तपासलं. सात दिवस गोळ्या आहेत."

मुंतियाने कागद वाचला. तीन वर्षं म्हातारीच्या औषधांचे कागद वाचून तिला असे कागद वाचता येत होते. वाचून झाल्यावर तिने तो घडीवर घडी घालत अगदी लहान केला.

"त्या म्हातारीच्या खाटेखाली मी झोपायचे," ती म्हणाली. "रात्री तिने कुशी बदलली तरी मला जाग यायची. वरच्या मजल्यावर एक विधुर होता, फळं आणून द्यायचा. चांगला होता. दर नवीन वर्षाला विचारायचा. मी 'नाही' म्हणायचे, आणि मग जिन्यात बसून रडायचे. तुम्हाला रविवारी सांगितलं नाही. म्हटलं, तुम्ही एकटे, कशाला तुमच्या जिवाला घोर."

"तू विचारायचीस, जेवलात का," पोनिदी म्हणाला. "मी जेवलेलो नसायचो."

"ते मला कळायचं."

 ऊन काचेवरून खाली उतरलं. शेवटी ती म्हणाली, "मला पोरोंगला ताईकडे सोडा."

त्याने किल्ली फिरवली.

पोरोंगच्या रस्त्यावर वाहनं फार होती. वाटेत गाडीने धक्का खाल्ला की ती मागे वळून बॅगांवरची ताडपत्री बघायची. ताईच्या घराशी त्याने गाडी थांबवली. आतून ताईचा आवाज आला, "अग बाई, मुंतिया! इकडे कशी?" मुंतियाने छोटी बॅग घेतली आणि उतरली. मोठ्या बॅगांना तिने हात लावला नाही.

"त्या घरी न्या," ती म्हणाली. "आत लोकरीचं आहे. ओल लागू देऊ नका."

"नाही लागू देणार."

ती दोन पावलं गेली आणि थांबली, पाठ फिरवूनच.

"गोळी जेवणाआधी की नंतर?"

"नंतर."

"मग जेवा आधी," ती म्हणाली, आणि आत गेली. ताईने दार लावताना त्याच्याकडे पाहिलं, विचारावं की नाही अशा नजरेने, आणि मग कडी घातली.

मावळतीची नमाज त्याने वाटेतल्या मशिदीत पढली, शेवटच्या ओळीत. बाहेर आला तेव्हा आभाळ तांबूस झालं होतं. रस्त्याकडेच्या खानावळीत त्याने भात आणि रावोनचा काळा रस्सा मागितला. बाईने विचारलं, "एकच ताट?"

"एकच."

तो सावकाश जेवला. प्रत्येक घास चावून, कुणीतरी समोर बसून बघत असल्यासारखा. अर्ध्या ताटावर असताना टपटप थेंब सुरू झाले. तो हात न धुताच उठला, गाडीपाशी गेला, बॅगांवरची ताडपत्री ओढून दोरीची गाठ दातांनी पुन्हा आवळली, सगळीकडून हात फिरवून बघितलं, आणि परत येऊन उरलेला भात संपवला. मग पाण्याचा मोठा पेला मागवून गोळी घेतली, आणि सांगितल्याप्रमाणे ताठ बसून राहिला.